अडीनडीची चांदी : विकायच्या दिवसापासून उलटं मोजा

चांदी घेणं सोपं असतं. पैसे मोजले की हातात येते. अवघड असतं ते पाच-दहा वर्षांनी, घाईत, पैशांची निकड असताना ती धड भावात मोडणं. म्हणून खरेदीचा विचार शेवटाकडून सुरू करावा. समोरचा माणूस ही वस्तू बघताक्षणी ओळखेल का? तपासायला त्याला किती वेळ लागेल? शंका आली तर तो भावात किती कापेल? कोणती चांदी घ्यायची, कोणत्या वजनाची, कशात ठेवायची आणि कोणते कागद जपायचे, हे सगळं या तीन प्रश्नांवरूनच ठरतं.

आधी चांदीचा स्वभाव

चांदी म्हणजे स्वस्तातलं सोनं, अशी समजूत घेऊन उतरलात तर पहिल्याच मंदीत दचकाल. जगात दरवर्षी लागणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून अधिक कारखान्यांत जाते. सौर पॅनेल, विजेचे संपर्कबिंदू, इलेक्ट्रॉनिक्स, डाख असे तिचे उपयोग आहेत. मंदी आली की ही मागणी आटते. दुसरीकडे, खाणीतून निघणारी बहुतांश चांदी ही शिसं, जस्त, तांबं आणि सोनं काढताना मिळणारं जोडउत्पादन आहे. त्यामुळे भाव दुप्पट झाला तरी खाणी लगेच दुप्पट चांदी काढू शकत नाहीत, आणि भाव पडला म्हणून तांब्याची खाण बंदही होत नाही. भाव दोन्ही दिशांना जोरात हलतो तो यामुळे.

२००८ च्या मार्चमध्ये औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) २० डॉलरच्या वर असलेली चांदी ऑक्टोबरमध्ये १० डॉलरच्या खाली होती. २०२० च्या मार्चमध्ये ती १२ डॉलरखाली गेली, आणि एक औंस सोन्याला १२० औंसांहून जास्त चांदी मोजावी लागेल अशी वेळ आली. त्याहून जुना धडा १९८० चा आहे. अमेरिकेतल्या धनाढ्य हंट बंधूंनी केलेल्या साठेबाजीमुळे त्या जानेवारीत भाव ५० डॉलरच्या आसपास गेला. २७ मार्चला, म्हणजे ज्याला ‘सिल्व्हर थर्सडे’ म्हणतात त्या दिवशी, तो ११ डॉलरच्याही खाली आला. पुढे २०११ च्या एप्रिलमध्ये भाव पुन्हा ५० च्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतला. तो उंबरठा खऱ्या अर्थाने ओलांडायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. जानेवारी १९८० मध्ये शिखरावर घेणाऱ्याला मुद्दल दिसायला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि तेही महागाई बाजूला ठेवून.

याचा व्यवहारी अर्थ असा. पुढच्या महिन्याचं भाडं आणि औषधपाणी यांची सोय चांदीत करायची नाही, ती रोखीत करायची. तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा आणि चढ्या व्याजाचं कर्ज फिटलेलं असावं. त्यानंतरच धातूकडे वळावं. सोनं-चांदी मिळून एकूण बचतीच्या पाच ते दहा टक्के हा सर्वसाधारण ठोकताळा आहे, त्यातही चांदीचा हिस्सा लहानच बरा. किमान पाच वर्षं हात लावायची गरज पडणार नाही एवढाच पैसा त्यात घाला. कर्ज काढून चांदी घेणं म्हणजे पडत्या भावात विकायची तारीख आधीच ठरवून ठेवणं.

मग चांदी घ्यायचीच कशाला? कारण तिचे तुकडे लहान असतात. थोड्या पैशांसाठी सोन्याची मोठी वस्तू मोडावी लागते, तिथे चांदीची दोन नाणी पुरतात. शिवाय ती कुणाचं देणं नाही. बँक बंद पडो, दलाल बुडो, तुमच्या कपाटातला किलो किलोच राहतो.

खरा खर्च कुठे लपतो

वर्तमानपत्रात किंवा संकेतस्थळावर दिसणारा स्पॉट भाव हा घाऊक व्यापाराचा असतो. तिथली प्रमाण वीट साधारण १,००० ट्रॉय औंसांची, म्हणजे जवळपास ३१ किलोंची असते. तुम्ही घेता ते नाणं पाडण्याचा, वाहतुकीचा, विम्याचा आणि विक्रेत्याच्या नफ्याचा खर्च त्या भावावर चढतो. हा झाला प्रीमियम. विकताना विक्रेता उलट स्पॉटच्या थोडं खाली देतो. या दोन भावांमधली दरी हीच तुमची खरी किंमत आहे.

हिशोब करून बघा. स्पॉट १०० धरा. नाणं १५ टक्के प्रीमियमने ११५ ला घेतलं आणि परत देताना ३ टक्के कापून ९७ मिळाले. म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला चांदी साडेअठरा टक्के वाढायला हवी. वर २० टक्के कर असेल तर खरेदी १३८ ला पडते आणि सुटण्यासाठी ४२ टक्के वाढ लागते. कराची ही गोष्ट काल्पनिक नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये गुंतवणुकीच्या सोन्याला मूल्यवर्धित कर माफ आहे, चांदीला मात्र तो लागतो. तुमच्या देशात खरेदीवर कोणता कर आहे आणि विकताना नफ्यावर कोणता, हे चांदी निवडण्याआधी पाहून घ्या. काही ठिकाणी कायदेशीर चलन असलेल्या नाण्यांना विटेपेक्षा वेगळी वागणूक मिळते, आणि तेवढ्यावरच निवड फिरते.

विक्रेत्याला पहिला प्रश्न “केवढ्याला देता?” हा नको. “हेच नाणं मी आज परत आणलं तर केवढ्याला घ्याल?” हा विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. दोन्ही आकडे तीन ठिकाणी विचारून कागदावर लिहा. जिथे दरी कमी, तिथे जा, मग त्याचा विक्रीभाव चार आणे जास्त का असेना.

अडचणीच्या काळात ही दरी आणखी रुंदावते. २००८ आणि २०२० मध्ये कागदावरचा भाव कोसळला होता, पण हातात मिळणारी नाणी टंचाईमुळे चढ्या प्रीमियमनेच विकली जात होती. म्हणजे “भाव पडला की भरपूर घेऊ” हा बेत ऐन वेळी बहुधा जमत नाही. दर महिन्याला किंवा तिमाहीला ठरलेली रक्कम घालत राहणं कंटाळवाणं आहे, पण त्यात चूक करायला जागा कमी.

काय घ्यायचं, काय सोडायचं

कण्यासारखी असतात ती सरकारी टांकसाळीची एक औंसाची नाणी. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३ ग्रॅम. किराणा तोलायचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. या दोन औंसांच्या गोंधळात नऊ टक्के गमावणारे लोक आजही आहेत, म्हणून व्यवहार शक्यतो ग्रॅममध्येच बोला. अमेरिकेचा सिल्व्हर ईगल १९८६ पासून निघतो, शुद्धता ९९९ (म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी), व्यास ४०.६ मिलिमीटर. कॅनडाचं मेपल लीफ १९८८ पासून, शुद्धता ९९९.९, व्यास ३८ मिलिमीटर. ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक २००८ पासून, शुद्धता ९९९, व्यास ३७ मिलिमीटर. ब्रिटनचं ब्रिटानिया २०१२ पर्यंत ९५८ शुद्धतेचं होतं, २०१३ पासून ते ९९९ झालं. जुनं ब्रिटानिया घेताना हे लक्षात असू द्या. ही नाणी जगभर ओळखली जातात. ईगल आणि फिलहार्मोनिक वीस-वीसच्या नळीत येतात, मेपल पंचवीसच्या. नळी उघडलेली नसेल तर विकताना मोजणी आणि तपासणी दोन्ही झटपट होतात.

विटा आणि बिस्किटांवर प्रीमियम कमी असतो. १०० ग्रॅम आणि १ किलो ही सोयीची मापं. वीट नामांकित शुद्धीकरण कारखान्याची असावी आणि तिच्यावर वजन, शुद्धता व क्रमांक ठोकलेला असावा. ३१ किलोंची घाऊक वीट स्पॉटच्या सर्वांत जवळ मिळते म्हणून मोह होतो, पण तिचा अर्धा भाग विकता येत नाही. ती घरी ठेवली आणि नंतर बाजारात आणली तर घेणारा पुन्हा टंच काढायला, म्हणजे शुद्धता तपासायला लावतो, आणि तो खर्च तुमच्याच माथी बसतो. उलट टोकाला एक ग्रॅमच्या चकत्या असतात. त्यांवर प्रीमियम कधीकधी चांदीच्या किमतीइतकाच असतो. त्या भेट द्यायला ठीक, साठवायला नाहीत.

जुनी चलनी नाणी हा अभ्यासूंचा प्रांत. अमेरिकेची १९६४ पर्यंतची डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीची. दर्शनी एक डॉलरच्या अशा चिल्लरीत मुळात ०.७२३ औंस शुद्ध चांदी असते, आणि झीज धरून व्यवहार ०.७१५ ने होतो. १९६५ ते १९७० चा हाफ डॉलर मात्र ४० टक्क्यांचा. ब्रिटिश नाणी १९१९ पर्यंत ९२५, १९२० ते १९४६ पर्यंत ५००, आणि पुढे त्यांत चांदीच नाही. खोटी करायला परवडत नाहीत इतकी लहान आणि झिजलेली असल्यामुळे त्यांच्यात फसवणूक कमी होते. पण ज्या देशात ती ओळखीची, तिथेच घ्यावीत.

दागिने आणि भांडी या कामाची नाहीत. घडणावळ परत मिळत नाही, आणि मोडीत घालताना टंच आणि घट या दोन्ही नावांनी कापलं जातं. ९२५ चं ८०० ग्रॅमचं भांडं म्हणजे शुद्ध चांदी ७४० ग्रॅम. मेणबत्तीच्या भरीव दिसणाऱ्या स्टँडमध्ये तर आत राळ किंवा सिमेंट असतं आणि चांदी फक्त पत्र्यापुरती. ‘ईपीएनएस’ असा ठसा म्हणजे मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. रंगीत नाणी, मर्यादित आवृत्त्या, मखमली पेटीतले संच हे सगळं दुकानातून बाहेर पडताच साध्या चांदीच्या भावावर येतं. संग्राहकासाठी ती वेगळी गोष्ट आहे, अडीनडीसाठी नाही.

तीन किलोंपर्यंत जायचं असेल तर एक बरी मांडणी अशी : एक औंसाची ५० नाणी (१,५५५ ग्रॅम), एक किलोची एक वीट, आणि उरलेले साडेचारशे ग्रॅम १०० ग्रॅमच्या बिस्किटांत व अर्ध्या औंसाच्या नाण्यांत. नाणी आधी घ्या, वीट नंतर. वाटेत गरज पडली तर नाणीच कामाला येतील.

खरी की हिणकस : घरी करायच्या तपासण्या

इथे थोडं थांबावं लागेल, कारण ऐकीव तपासण्यांवर विसंबणारे इथेच फसतात.

चुंबक लावून चिकटलं नाही म्हणून चांदी खरी, हा पहिला गैरसमज. तांबं, पितळ, शिसं यांनाही चुंबक ओढत नाही. त्या चाचणीत फक्त लोखंड पकडलं जातं. बर्फाचा तुकडा नाण्यावर ठेवला की झपाट्याने वितळतो हे खरं, कारण उष्णता वाहण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली. पण तांबं तिच्या अगदी मागोमाग आहे, त्यामुळे मुलामा दिलेलं तांबं ही परीक्षा आरामात पास होतं. आवाज ऐकणं अनुभवी कानाला मदत करतं. खरं नाणं कडेवर टिचकी मारली की लांबवर किणकिणतं आणि शिसं भद्द वाजतं. नवख्याने त्यावर पैसे लावू नयेत.

भरवशाची चाचणी घनतेची. चांदीची घनता १०.४९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४. म्हणून ईगलच्याच मापाचं तांब्याचं नाणं वजनाला २६.६ ग्रॅमच भरेल. वजन ३१.१ ला आणायचं तर ते सुमारे १७ टक्के जाड करावं लागेल. वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवणं तांब्याला जमत नाही. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि ०.०१ मिलिमीटर दाखवणारा डिजिटल कॅलिपर, एवढी दोनच साधनं लागतात. दोन-चार नाण्यांपलीकडे जाणार असाल तर चांदीआधी हीच घ्या. नाण्यांची अधिकृत मापं टांकसाळीच्या संकेतस्थळावर असतात.

नाण्यावर उठाव असल्यामुळे नुसत्या मापावरून आकारमान काढता येत नाही. त्यासाठी पाण्याची पद्धत :

१. नाणं कोरडं तोला. समजा ३१.१० ग्रॅम भरलं.
२. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पाणी शुद्ध, खोलीच्या तापमानाचं असावं.
३. शिवणकामाच्या बारीक दोऱ्याने नाणं बांधून पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही, हातात अधांतरी धरायचं.
४. काट्यावरचा आकडा वाचा. तेवढे घनसेंटिमीटर पाणी नाण्याने बाजूला सारलं.
५. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा.

खऱ्या चांदीचं ३१.१० ग्रॅमचं नाणं काट्यावर २.९६ ते २.९७ दाखवेल. तांबं असेल तर ३.४७, शिसं असेल तर २.७४. नाणं तळाला टेकलं की आकडा एकदम फुगतो आणि घाबरायला होतं, तेव्हा दोरा वर घेऊन पुन्हा वाचा. उठावाच्या खाचेत हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा वाढतो आणि खरं नाणं हलकं ठरतं. त्यासाठी बुडवल्यावर एकदा हलकेच हलवा. जाड सुतळी वापरली तर तीही पाणी सारते. तीन वेळा मोजून सरासरी घ्या, मग नाणं मऊ कापडाने दाबून टिपा. घासू नका.

एवढ्यावर निश्चिंत व्हायचं नाही. मॉलिब्डेनमची घनता १०.२८ आहे, आणि शिसं-कथिल योग्य प्रमाणात मिसळून १०.४९ च्या जवळ जाता येतं. मोठ्या विटेत कुणी एवढा खटाटोप करूही शकतं. इथे दुसरी चाचणी उपयोगी पडते : नाणं किंवा बिस्किट ४५ अंशांत तिरपं धरा आणि त्यावरून छोटा पण ताकदवान निओडिमियम चुंबक सोडा. चांदीवर तो चिकटत नाही, पण जणू मधातून उतरावा तसा सावकाश घसरतो, कारण हलत्या चुंबकामुळे धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि त्याला रोखतात. शिशाच्या मिश्रणावरून तो झरकन उतरतो, मॉलिब्डेनमवरूनही चांदीपेक्षा स्पष्ट लवकर. तुलनेला खात्रीचं एक नाणं शेजारी ठेवा. तांबं या चाचणीत सुटतं, पण घनतेत सापडतं. शिशाचं मिश्रण घनतेत सुटलं तरी इथे पकडलं जातं. दोन्ही चाचण्या एकत्र केल्या तरच दार नीट बंद होतं.

आम्ल लावून कस बघायचा तर वस्तूवर डाग पडतो. नाण्यांवर ते करूच नका. विक्रेत्याकडचं क्ष-किरणांचं यंत्र झटकन टक्केवारी दाखवतं खरं, पण ते पृष्ठभागापुरतंच बघतं. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. किलोच्या विटेसाठी अल्ट्रासाउंड किंवा वाहकता मोजणारं यंत्र बरं. आणि सीलबंद कार्डातलं बिस्किट खरंच असतं असं समजू नका, कार्डंही खोटी निघतात. स्पॉटपेक्षा स्वस्त मिळणाऱ्या चांदीची एवढी तपासणी करत बसण्याचीही गरज नाही. तिच्याकडे पाठ फिरवा.

ठेवायची कशी

चांदी हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडत नाही, ती गंधकाने पडते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी तिची क्रिया होते आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. वजन यातून घटत नाही आणि धातूची किंमतही नाही. तरी टाळायचं असेल तर चांदीजवळ रबर, लोकर, वर्तमानपत्र आणि साधा पुठ्ठा ठेवू नका. रबर बँडने बांधलेल्या नाण्यावर पडलेला काळा पट्टा कायमचा राहू शकतो. लवचीक पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट द्रव पाझरतो आणि नाणं खराब होतं. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकची कॅप्सूल, किंवा टांकसाळीची मूळ नळी वापरा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि वर्षातून एकदा बदला. नाणं कडेने धरा, शक्यतो सुती हातमोजे घालून.

कधीकधी ९९९ च्या नव्या नाण्यांवर दुधाळ पांढरे ठिपके उमटतात. हा दोष टांकसाळीतल्या प्रक्रियेतून येतो, तुमच्या निगराणीतला नाही. पुसून ते जात नाहीत. चांदीच्या भावात विकताना त्यामुळे फारसं अडत नाही.

पॉलिश करू नका. घासण्यात धातू जातो, आणि जुन्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी असलेली किंमतही. भांडी किंवा बिस्किट उजळायचंच असेल तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर कडकडीत पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि लहान चमचा मीठ घाला, आणि वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा. दोन-चार मिनिटांत काळपटपणा जातो. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजा, गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे गेलं.

जागेचा प्रश्न चांदीत खरा आहे. सोन्या-चांदीचं गुणोत्तर ८० धरलं तर एक किलो सोन्याच्या किमतीची चांदी ८० किलो होते. सोनं ५२ घनसेंटिमीटरमध्ये मावतं, चांदीला साडेसात लिटरांहून जास्त जागा लागते, तीही नाण्यांमधल्या पोकळ्या न धरता. घरची तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने घट्ट केलेली असावी. नुसती ठेवलेली लहान तिजोरी चोर उचलूनच नेतात. जास्त वजन असेल तर तिजोरी खालच्या मजल्यावर, भिंतीच्या कडेला ठेवा. आगीत चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ती वितळली तरी धातू उरतो, पण बिलं उरत नाहीत, म्हणून कागद वेगळ्या जागी ठेवा.

जमिनीत पुरण्याची कल्पना अनेकांना आवडते. पाणी शिरतं, खुणेचं झाड कुणीतरी तोडतं, आणि ज्याला जागा माहीत आहे तो माणूस जातो. नाही पुरलेलं बरं.

बँकेचा लॉकर सुरक्षित आहे, पण बँक उघडी असेल तेव्हाच. २०१३ च्या मार्चमध्ये सायप्रसमधल्या बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसमधल्या तीन आठवडे. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बहुधा आपोआप नसतो. घरच्या विम्यातही नाणी आणि विटा यांच्यासाठी फार कमी मर्यादा असते, ती पॉलिसीत शोधून वाचा. खासगी तिजोरीघर निवडलं तर करारात एक गोष्ट तपासा : चांदी तुमच्या नावाने वेगळी, विटेच्या क्रमांकासह ठेवलेली आहे, की सगळ्यांच्या ढिगातला हिस्सा म्हणून तुमच्या खात्यात नुसतं वजन लिहिलं आहे? दुसऱ्या प्रकारात कंपनी बुडाली तर तुम्ही फक्त एक घेणेकरी असता. चांदी दोन ठिकाणी विभागून ठेवणं सगळ्यांत शहाणपणाचं : महिना-दोन महिन्यांच्या गरजेपुरती नाणी हाताशी, बाकीची बाहेर.

आणि बोलू नका. मित्रांत नाही, शेजारी नाही, फोटो टाकून तर मुळीच नाही. पण घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सगळं माहीत हवं. त्याच्यासाठी एक कागद करा : काय आहे, किती नग, कोणत्या शुद्धतेचं, कुठे ठेवलंय, किल्ली कुठे, आणि विकायचं तर अंदाजे काय मिळायला हवं. वारसांनी ९९९ ची नाणी “जुनी चिल्लर” म्हणून फुंकून टाकणं नवीन नाही.

विकायची वेळ आली की

बिल हाताशी ठेवा. खरेदीची तारीख आणि किंमत नसेल तर नफ्यावरचा कर काढताना तुमचीच पंचाईत होते. निघण्याआधी घरी धातूची किंमत काढा : ग्रॅममधलं वजन गुणिले शुद्धता गुणिले एका ग्रॅमचा स्पॉट भाव. औंसाचा भाव असेल तर त्याला ३१.१०३ ने भागा. हा आकडा खिशात असला की समोरचा टक्केवारीत किती कापतोय ते लगेच कळतं. मान्य टांकसाळीच्या नाण्यांवर स्पॉटच्या दोन-पाच टक्के खालचा देकार सामान्य काळात धकून जातो. दहा टक्के खाली गेला तर उठा.

लागेल तेवढीच विका. सगळा साठा टेबलावर मांडला की देकार खाली येतो आणि नको त्या नजरा वळतात. आधी विटा काढायच्या की नाणी, हे त्या दिवशीच्या प्रीमियमवर ठरवा. नाण्यांची टंचाई असेल तर घेणारे स्पॉटच्या वरही देतात, अशा वेळी नाणी द्या आणि वीट राखा. भाव शांत असेल तर उलट करा. तोलणं आणि तपासणं तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे, माल आतल्या खोलीत जाऊ देऊ नका. काट्यावर शंका असेल तर घरी तोललेलं एक नाणं आधी ठेवायला सांगा. ३१.१ च्या जागी ३०.४ दिसलं तर उरलेली पिशवी उघडायची गरजच नाही.